दूधवाला पहिला

"बाई, तो काळा डबा भंगारात घालताय की काय?"

नानांना भिंतीपलीकडून सगळं दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर जरा जास्तच. आमची रो-हाउसची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाल्यापासून गल्लीतले माळे एकेक करून रिकामे होताहेत, आणि कुणाच्या माळ्यावरून काय उतरलं याची बित्तंबातमी नानांकडे असते. समोरच्या घरात मूल एक आणि पाळणे तीन निघाले, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"डबा नाही हो. कॉम्प्युटर आहे तो. आमच्या चिरंजीवांचा."

"हा कॉम्प्युटर? नुसता कीबोर्ड दिसतोय."

"तेव्हा कीबोर्डच्या पोटातच सगळं असायचं. टीव्हीला एक वायर, टेपरेकॉर्डरला दुसरी, झालं काम. स्पेक्ट्रम म्हणतात याला. इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीनं १९८२ साली काढला, आणि १९८८ ला डेसिबल्स नावाच्या कंपनीनं परवाना घेऊन आपल्याकडे आणला. ४८ के मेमरी!"

"म्हणजे किती?"

"तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकता ना, ते एक फूल मावणार नाही याच्यात."

नाना जरा दुखावले. पण तेवढ्यात त्यांची नजर खोक्यातल्या कॅसेटवर गेली. वरच्या पट्टीवर मुलाच्या शाळकरी अक्षरात निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'घोडे'.

"कसले घोडे?" नानांचा आवाजच बदलला.

"रेसचे."

झालं. उलटी बादली आली, नाना तिच्यावर चढले, मधुमालती बाजूला सारली आणि दोन्ही कोपरं भिंतीवर टेकवून पक्के उभे राहिले. नाना आणि रेसकोर्स हे प्रकरण गल्लीला ठाऊक आहे. जुलै उजाडला की पुण्याचा सीझन सुरू होतो आणि नानांच्या शर्टाला इस्त्री येते. थंडीत घोडे मुंबईला महालक्ष्मीला गेले की नाना इथे सुतकी चेहऱ्यानं हिंडतात. नोकरीत होते तेव्हा काकूंना ओव्हरटाइम सांगून जायचे. या ओव्हरटाइमचे पैसे घरात येण्याऐवजी घरातून बाहेर जायचे, त्यामुळे काकूंना पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. बोलल्या नाहीत, इतकंच.

"यात रेस म्हणजे काय दाखवायचे? फिल्म?"

"फिल्म कुठली! पडद्यावर आडव्या ३२ चौकटी आणि उभ्या २४. एका चौकटीत आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ ठिपके. तेवढ्यात घोडा बसवायचा. आपण काढलेली २१ अक्षरं या मशीनमध्ये भरून ठेवता यायची, त्यातलं एक अक्षर म्हणजे घोडा. माझे आलेखाचे कागद कुठे गायब होतात तेच मला कळेना. मग एकदा गादी उन्हात टाकायला काढली तर खाली हा गठ्ठा! पानापानावर चौकटी काळ्या करून केलेले घोडे. सुरुवातीचे तर सरळसरळ कुत्रेच होते. शेवटी एक जमला. पाय जवळ घेतलेलं एक चित्र, पाय फाकलेलं एक, दोन्ही आलटून पालटून दाखवली की पळतोय असं वाटायचं."

"आणि रंग? घोड्याचा नाही म्हणत मी, जॉकीच्या सिल्कचा."

"जॉकी नव्हताच, नाना. ६४ ठिपक्यांत घोडा बसला हेच नशीब. पण घोड्यांना रंग होते. आमचा टीव्ही कृष्णधवल, तरी सहाही घोडे वेगळे ओळखू यायचे. सिंक्लेअरवाल्यांनी रंगांचे आकडेच तसे लावले होते. शून्य म्हणजे काळा, मग निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, आणि सात म्हणजे पांढरा. आकडा चढत जाईल तसा रंग उजळ. त्यामुळे रंग दिसला नाही तरी प्रत्येकाची करडी छटा वेगळी. मला तर बाई फार आवडलं होतं ते. गरीब टीव्हीवाल्याचा कुणीतरी विचार केला होता."

"पण मला कसा कधी पत्ता लागला नाही?"

"लागला होता की. कॅसेट लावली की आत प्रोग्रॅम चढेपर्यंत ती किंचाळत राहायची. तुम्हीच एकदा विचारायला आलात, 'बाई, मिक्सर बिघडलाय का?'"

"तो मिक्सर नव्हता?"

"नव्हता."

"मी मिस्त्रीचा पत्ता दिला होता तुम्हाला!"

"दिला होता. तो येऊन मिक्सर उघडून गेला. तेव्हापासून मिक्सर बिघडला."

नाना हसले नाहीत. त्यांचं लक्ष कॅसेटवर होतं. "घोड्यांना नावं काय दिली होती? नावाशिवाय घोडा लावता येत नाही."

आता आली का पंचाईत. मी कढीपत्त्याची वाळलेली पानं खुडायला लागले. "पोरांनीच दिली होती. पहिला दूधवाला, दुसरा हेडमास्तर, तिसरी भाजीवाली, चौथा नळवाला, पाचवा लाइटवाला…"

"दूधवाला? आपला? तो बुवा जन्मात कधी सातच्या आत आला नाही! आणि सहावा?"

"सहावा… नाना."

मला वाटलं चिडतील. पण नाना बादलीवर एकदम ताठ झाले. आपल्या नावाचा घोडा पळावा, यापेक्षा रेसवाल्याला आणखी काय हवं असतं?

"लागायचा का?"

"कधीमधी."

"पहिल्या रेसला सदा शेवटचा यायचा," स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. "मी लावला होता एकदा."

"तू? तू कधी गेली होतीस?"

"तुम्ही ओव्हरटाइमला जायचात तेव्हा."

हा विषय वाढू नये म्हणून मी घाईघाईनं सांगितलं, की हे काही आमच्या पोराच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. कॉम्प्युटरला धड पडदा नव्हता तेव्हापासून त्याच्यात घोडे पळताहेत. अमेरिकेत डेव्हिड आल नावाच्या गृहस्थांनी १९७३ साली बेसिक भाषेतल्या १०१ खेळांचं पुस्तक काढलं, त्यात घोड्यांचा एक होता. तेव्हा रेस दिसायचीही नाही. खडखडत कागदावर छापून यायची. त्याच पुस्तकाची १९७८ ची सुधारलेली आवृत्ती दहा लाखांवर खपली, म्हणजे बघा. मग घरोघरी ही छोटी मशीनं आली आणि मासिकांतून, पुस्तकांतून असले प्रोग्रॅम ओळीनं छापून यायला लागले. पोरांनी ते उतरवून घ्यायचे आणि आपल्या मर्जीनं नावं बदलायची. आमच्याकडचा तसाच होता.

"विकत काही मिळायचं नाही?"

"मिळायचं. माझा भाऊ लिव्हरपूलला डॉक्टर, त्यानं भाच्याला दोन कॅसेट पाठवल्या होत्या. एक सीआरएल कंपनीची 'डर्बी डे', ती पैसे लावायची. दुसरी एलिट कंपनीची, १९८५ ची 'ग्रँड नॅशनल'. तीत स्वतः घोड्यावर बसायचं आणि अडथळ्यांवरून उड्या मारायच्या."

"मग दुसरीवर उड्या पडल्या असतील!"

"छे. थोड्याच दिवसांत टाकून दिली."

नानांना पटेना. पण मी त्या खोलीत चहा घेऊन जात होते ना, मी पाहिलंय. घोड्यावर आपण बसायचा खेळ असला की खेळणार एक, आणि बाकीचे 'आता माझा नंबर' करत भांडणार. पैसे लावायच्या खेळात खेळणारं कुणीच नसायचं. घोडे आपापले पळणार. पण एकेका घोड्यावर एकेकाचा जीव टांगलेला, त्यामुळे सगळी खोली उभी राहून बोंबलायची. ६४ ठिपक्यांचा डाग एक घर पुढे सरकला की कॉटवरून उड्या. तो आरडाओरडा काही मशीनमधून येत नव्हता. मशीनचा स्पीकर नुसता पिकपिक करायचा. मला तर वाटतं त्या जमान्यात जे घोडदौडीचे खेळ चालले ते चित्रांवर चाललेच नाहीत, बघणाऱ्यांच्या घशावर चालले.

"हे खरं बोललात," नाना म्हणाले. "खऱ्या रेसलासुद्धा शेवटचे दोन फर्लांग सोडले तर स्टँडमधून काय दिसतं? पलीकडच्या अंगाला ठिपकेच पळतात. आपण कॉमेंट्री ऐकून ओरडायचं."

"मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय?"

हे मी विचारायला नको होतं. नानांनी बोटं मोजायला सुरुवात केली. पॅडकमध्ये घोडा कसा चालतोय ते बघावं लागतं. घाम कुठे आलाय. कान कसे आहेत. जॉकी कोण, ट्रेनर कोण, मागच्या खेपेला मुद्दाम मागे ठेवला होता का. पुण्याला पावसात मैदान जड होतं, मग हलक्या पायाचा घोडा रुततो. आणि वजन! हँडिकॅपर नावाचा माणूस असतो, तो चांगल्या घोड्याच्या पाठीवर वजन चढवतो आणि कच्च्याचं उतरवतो. हेतू असा, की सगळे घोडे शेवटी एका रेषेत यावेत. जन्म जातो त्याचा त्यात.

"आमच्याकडे ते एका ओळीत व्हायचं," मी म्हटलं. "एक ते सहामधला एक आकडा काढ, त्या नंबरच्या घोड्याला एक घर सरकव. परत आकडा काढ. सगळ्यांना सारखी संधी."

"आणि भाव?"

"सगळ्यांना एकच. एकाला पाच."

नानांनी मनात हिशेब केला. सहा घोडे, सारखी संधी, एकाला पाच. "म्हणजे बुकीला ना नफा ना तोटा? बाई, असला बुकी मला उभ्या आयुष्यात भेटला नाही."

"पुढे आमच्या पोराला अक्कल फुटली. त्यानं घोड्यांची संधी थोडी थोडी कमी-जास्त करून भावही वेगळे ठेवून पाहिले. पण त्यात एक खोच आहे. एखाद्याला जराशी जास्त संधी दिली तर छोट्या पल्ल्यात कळत नाही, कुणीही जिंकतो. पल्ला लांबवला की मात्र बहुतेक वेळा तोच. जिथे फार वेळा फासा पडतो तिथे थोडासा फरकही उघडा पडतो. ३२ घरांचा पडदा होता म्हणून रेसमध्ये दम राहिला. त्याला मात्र वाटायचं पडदा फार लहान आहे."

"पण एक सांगा, धक्काबुक्की व्हायची का? एखादा घोडा आडवा आला, दुसरा अडखळला, असं?"

नाही व्हायची, आणि नानांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं होतं. सहा घोडे सहा ओळींत, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. खरी रेस तशी नसते. माझा भाऊ तिकडे गेला तेव्हापासून दर वसंतात लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनलबद्दल लिहायचा. साडेचार मैलांच्या आसपास पल्ला, ३० अडथळे. १८३९ साली कॅप्टन बीचर नावाचा स्वार जिथे पाण्यात पडला त्या अडथळ्याला आजही त्याचंच नाव आहे. रेड रमनं १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा तीच रेस जिंकली, तेव्हा आमचा डॉक्टर पेशंट सोडून रेडिओला चिकटला होता. रेसच्या दिवशी म्हणे हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे थोडे थोडे पैसे घालून घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलतात. ज्याला जो येईल तो त्याचा.

"पण तिथली खरी गोष्ट १९६७ ची," मी सांगितलं. "फॉइनाव्हन नावाचा घोडा. भाव एकाला शंभर. इतका कुचकामी समजलेला, की मालक मैदानावर आला नव्हता आणि ट्रेनर दुसऱ्याच गावच्या रेसला गेलेला. तेविसाव्या अडथळ्याशी, म्हणजे अगदी बुटक्या अडथळ्याशी, एक बिनस्वाराचा घोडा आडवा फिरला. त्याला बघून पुढचा थबकला, त्याच्यावर मागचा आदळला, आणि बघता बघता सगळा जमाव तिथेच गोळा झाला. फॉइनाव्हन इतका मागे होता, की तो पोचेपर्यंत जॉकीला वाट शोधायला वेळ मिळाला. फटीतून उडी मारून एकटा पुढे निघून गेला आणि जिंकला."

"वा! मागे असल्याचा फायदा!" नानांनी भिंतीवर थाप मारली. मधुमालतीतली चिमणी उडाली. "हे तुमच्या डब्यात कधी झालं नसतं."

"कधीच नाही. आमचा घोडा मागे पडला तर फक्त मागे पडायचा."

जपानात पुढे १९९१ ला 'डर्बी स्टॅलियन' निघाला, त्यात घोड्याची पैदास करून, वाढवून, मग रेसला उतरवायचा, हे सांगितल्यावर नानांनी मान डोलावली. बाप कोण, आई कोण हे बघणारी माणसं शहाणी, असं त्यांचं मत पडलं. तेवढ्यात गल्लीत टँकर आला, त्याच्या ड्रायव्हरशी नानांनी भिंतीवरूनच वाद घातला, मग वळून म्हणाले,

"तरी सांगतो, रेस म्हणजे जुगार नव्हे. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली निकाल दिलाय, तो कौशल्याचा खेळ आहे. मी कात्रण ठेवलंय. हिला दाखवलं होतं."

"कौशल्य असतं तर फ्रिज आला असता," खिडकी म्हणाली.

"तुमच्या त्या घोड्यांत मात्र कौशल्य शून्य," नानांनी विषय माझ्यावर ढकलला. "निव्वळ नशीब."

"नाही हं. कौशल्य होतं. एकाच मुलाकडे होतं."

मी बोलून गेले आणि नाना बादलीच्या कडेवर आले. कुकरची शिट्टी व्हायची थांबली, म्हणजे काकूंनी गॅस बंद केला.

"कोण?"

"सांगते. पण तुमच्या पोटात राहणार आहे का?"

"बाई! माझ्या पोटात काय काय आहे ते तुम्हाला माहीत नाही."

"आम्लपित्त," काकू म्हणाल्या. "सांगा हो बाई, मी बघते यांच्याकडे."

"आपले ट्रेझरर."

"सोसायटीचे?"

"तेव्हा हाफपँटीत होते. रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं आमच्याकडे जमायची. पैज पैशांची नसायची. बिग फन च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची ना, ती लावायची. हा मुलगा पहिल्या रेसला दूधवाला लावायचा आणि जिंकायचा. दुसरीला थोडंसं हरायचा, कुणाला संशय नको म्हणून. तिसरीला परत मोठा हात मारायचा. मशीन आधीपासून चालू असलं, दुसरं कुणी खेळून गेलेलं असलं, तर हात लावून बघायचा आणि म्हणायचा, 'फार गरम झालंय, जरा बंद करूया, जळेल.' बाजूला रिसेटचं बटण होतं, तेही त्याचं लाडकं. आणि लोडशेडिंग! लाइट गेली की बाकीची पोरं ओरडायची, हा एकटा शांत. लाइट आली, कॅसेट परत चढली, की दूधवाला पहिला."

"म्हणजे मशीन फोडलं होतं त्यानं?"

"फोडलं काही नव्हतं. नुसतं बघितलं होतं. पेन आहे का?"

नानांकडे पेन असतंच. लाइटबिलाच्या पाठीवर मी त्यांना मांडून दाखवलं. सवय कुठे जाते? इतकी वर्षं फळ्यावर तेच केलं.

"मशीनला नशीब नसतं, नाना. आकडा काढ म्हटलं की ते बिचारं गणित करतं. स्पेक्ट्रमचं गणित असं. मनात एक आकडा धरायचा. त्यात एक मिळवायचा, ७५ ने गुणायचं, ६५५३७ ने भागायचं, बाकी राहील तिच्यातून एक वजा करायचा. हा झाला नवा आकडा. त्याला ६५५३६ ने भागलं की शून्य आणि एकच्या मधला अपूर्णांक येतो. त्याची सहापट करून कोणता घोडा ते ठरवायचं. दर पावलाला हेच."

"पहिला आकडा कुठून आणायचा?"

"तीच तर मेख. मशीन सुरू केलं की तो शून्य असतो. दर वेळी शून्य. आता बघा. शून्यात एक मिळवला, ७५ ने गुणलं, एक वजा केला, ७४. पहिलं पाऊल दूधवाल्याचं. पुढे ७५ गुणिले ७५ वजा एक, ५६२४. हेही दूधवाल्याचंच. पुढचा आकडा २८६५२, भाजीवाली. मग ५१७९०, लाइटवाला. आज करा, उद्या करा, दिवाळीत करा, हेच येणार. पहिल्या रेसचा निकाल ठरलेला, दुसरीचा ठरलेला, तिसरीचाही."

"आयला," नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "म्हणजे, अरे वा."

खरं सांगायचं तर हे गणित फार देखणं आहे. ६५५३७ ही मूळ संख्या, आणि ७५ असा निवडलाय, की एकही आकडा परत येण्याआधी सगळेच्या सगळे ६५५३६ आकडे येऊन जातात. वर्गात शिकवावं असं. आणि त्यावरचा उतारासुद्धा त्याच मशीनमध्ये होता. रँडमाइझ नावाची आज्ञा. ती दिली की सुरुवातीचा आकडा शून्य नाही राहत. मशीन सुरू झाल्यापासून टीव्हीवर किती चित्रं उमटली, त्या मोजणीवरून घेतला जातो. सेकंदाला ५० उमटायची, तेव्हा तुम्ही कळ नेमकी कुठल्या क्षणाला दाबता त्यावर सगळं बदलणार. स्पेक्ट्रमवर एकेका कळीवर अख्खी आज्ञा असायची. रँडमाइझ टीच्या कळीवर, आणि आकडा काढायची आज्ञा आरएनडी, तीही टीच्याच कळीवर. एकाच कळीवर रोग आणि औषध. आमच्या चिरंजीवांनी एक घेतलं, दुसरं राहिलं.

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या वर्गाला गणित माझ्याकडे होतं. वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. याच्या वहीचं शेवटचं पान उघडलं तर उभी यादी. दूधवाला, भाजीवाली, दूधवाला, नळवाला, आणि पुढे खुणाच खुणा. जो मुलगा उदाहरणाचा ताळा म्हणून कधी करत नसे, त्यानं रोज संध्याकाळी ताळा घेतला होता! त्याला काय ओरडणार? मी मॅन्युअल काढून बसले, रात्री चिरंजीवांकडून ती एक आज्ञा सुरुवातीला घालून घेतली, आणि गप्प राहिले."

"मग?"

"मग पहिल्या रेसला हेडमास्तर आला. त्यानंतर तो मुलगा 'अभ्यास आहे' म्हणून यायचाच बंद झाला."

नाना खदखदून हसले. हसता हसता थांबले. लाइटबिल उलटं-सुलटं केलं.

"बाई, फ्लॅटची सोडत येत्या रविवारी आहे ना?"

"आहे."

"कोण काढणार?"

"तेच."

"कशावर?"

"लॅपटॉपवर. स्वतः प्रोग्रॅम लिहिलाय म्हणे."

"मला सातव्या मजल्यावरचा पूर्वेचा हवाय. हिचे गुडघे…"

"गुडघ्यांना सातवा मजला? रेसकोर्स दिसतो म्हणून हवाय," काकू आता दाराशी आल्या होत्या, हातात पळी.

मी न्यायानं बोलले, कारण उद्या हे वाक्य गल्लीभर फिरणार हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आजकालचे प्रोग्रॅम असे शून्यापासून सुरू होत नाहीत. घड्याळावरून किंवा आणखी कशावरून सुरुवातीचं बीज आपणहून घेतात. मात्र बीज हातानं घालायची सोय आजही असते, आणि तेच बीज घातलं की तोच क्रम येतो. त्यात वाईट काही नाही. शास्त्रज्ञ तर मुद्दाम तसं करतात, दुसऱ्याला पडताळून बघता यावं म्हणून.

"म्हणजे तो आत्ता घरी बसून एकेक बीज घालून बघत असेल, कशानं स्वतःला सातवा मजला लागतो ते!"

"मी असं म्हटलेलं नाही, नाना."

"पण होऊ शकतं?"

"होऊ शकतं."

"बास."

"सरळ चिठ्ठ्या टाका डब्यात," काकू म्हणाल्या. "बाईंच्या भावाच्या दवाखान्यात टाकतात तशा."

"अगं, म्हाडासुद्धा हल्ली कॉम्प्युटरवर सोडत काढते."

"म्हाडाच्या साहेबांना मी हाफपँटीत पाहिलेलं नाही."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. नाव काढलं आणि हजर. शंभर वर्षं आयुष्य आहे माणसाला.

"काय नानाकाका, भिंतीवर चढून काय चाललंय?"

"काही नाही रे. बाईंकडे कढीपत्ता मागत होतो."

ट्रेझररनी हेल्मेट काढलं. मग त्यांना ओट्यावरचं खोकं दिसलं. "अरे! स्पेक्ट्रम! बाई, चालतो अजून?" कॅसेट उचलून त्यांनी पट्टी वाचली आणि पन्नाशीचा माणूस लाजला. "काय दिवस होते ते. या खेळात मला फार नशीब होतं बघा."

"हो ना," मी म्हटलं. "पहिल्या रेसला विशेष."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कढीपत्त्याकडे.

"बरं, सोडतीचा प्रोग्रॅम तयार आहे हं नानाकाका. लॅपटॉप बरोबरच आहे, डेमो दाखवू?"

"दाखव की. पण दोनदा दाखव."

"दोनदा कशाला?"

"एकदा दाखव. मग बंद कर. परत सुरू कर, आणि परत दाखव. लाइट गेली तर काय होतं ते बघायचंय मला."

ट्रेझररनी हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवलं. मग हळूच म्हणाले, "बाई, ती वही तुम्ही परत दिलीत तेव्हा शेवटचं पान नव्हतं तिच्यात."

"बरोबर. माझ्याकडे आहे. माळा आवरताना तेही सापडलं."

"मग…" त्यांनी लॅपटॉपची पिशवी परत खांद्याला लावली. "मग चिठ्ठ्याच टाकूया का? लोकांना तेच बरं वाटतं."

"डबा माझा," काकू पळी उंचावून म्हणाल्या. "आणि चिठ्ठ्यांच्या घड्या मी स्वतः घालणार. दुसऱ्या कुणाचा हात नको."

ट्रेझरर कबूल झाले, स्कूटर सुरू केली आणि गेले. नाना बादलीवरून उतरायला वाकले, तसेच वाकून भिंतीच्या कडेवरून माझ्या कानाशी आले.

"चाळीस वर्षं संसार केलाय, बाई. हिची घडी मला अंधारातसुद्धा ओळखू येते."